शिसवीचं औषध

धम्मपालनं अंगठ्याला थुंकी लावून फळीवर घासला आणि अंगठा तांबूस काळा झाला. लाकूडपेठेतल्या त्या सकाळच्या तिसऱ्या दुकानात हे तिसऱ्यांदा घडत होतं.

"शिसवीच हाय की," दुकानदार शांतपणे म्हणाला. "जुना माल हाय. रंग सुटतोय थोडा."

"शिसवीचा रंग असा सुटत न्हाय. रबराचं लाकूड हाय हे. वरनं काळं पाणी पाजलंय."

दुकानदारानं ते नाकारलंही नाही. "गिऱ्हाईक काळं मागतंय, आमी काळं देतो," असं म्हणून त्यानं चहाचा कप तोंडाला लावला. धम्मपालनं अंगठा पँटला पुसला आणि तो बाहेर पडला. डाग दिवसभर गेला नाही. रात्री जेवताना भाकरीला त्या रंगाचा वास येत होता, की आपल्यालाच तसं वाटतंय, हे त्याला कळेना.

बावीस वर्षं त्यानं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न केले होते. लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा उठवायचा, तर त्या भागाची लाकडाची हुबेहूब नक्कल आधी लागते. ती नक्कल करणारा मिस्त्री म्हणजे धम्मपाल. पुढं पॅटर्न कॉम्प्युटरवर कापले जाऊ लागले, लाकडाच्या जागी प्लास्टिक आलं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तो उद्यमनगरातल्या एका छोट्या गाळ्यात येऊन बसला. कुणीतरी मान तुटलेली गिटार दुरुस्तीला आणली. ती उघडून त्यानं आत पाहिलं आणि दोन दिवस तशीच समोर ठेवली. आत पट्ट्या कशा बसवल्यात, पातळ फळी कुठं किती पातळ केलीय, हे बघताना त्याला जेवणाची शुद्ध राहिली नव्हती. त्यानंतरच्या सहा वर्षांत त्यानं नऊ गिटारी घडवल्या.

दहावी स्वप्नालीची होती. ती राजारामपुरीत गिटारचा क्लास घ्यायची. तिचा पंजा लहान, त्यामुळं बाजारातली प्रत्येक गिटार तिला जड जायची. आपल्या मापाची गिटार हवी, आणि पाठ नि कडा शिसवीच्याच हव्यात, असं तिनं सांगितलं होतं. गिटारीच्या तोंडाला हलकं, सरळ रेषांचं लाकूड लागतं. ते परदेशी स्प्रूस धम्मपालनं वर्षभरापूर्वीच मिळवून ठेवलं होतं. पाठीला मात्र जड, घट्ट लाकूड लागतं, आवाज परत फेकणारं. आजवर त्यानं सागावर आणि फणसावर भागवलं होतं. शिसवीवर एकदा तरी हात फिरवावा, ही त्याचीही जुनी इच्छा होती.

आठवड्यानं सयाजी टेम्पो घेऊन गाळ्यासमोर आला. हा मलकापूरकडचा. शेतकऱ्यांच्या बांधावरची झाडं उभीच्या उभी विकत घ्यायचा, आणि करवतीच्या पात्यांना धार लावून घ्यायला उद्यमनगरात यायचा, तिथली ओळख. त्यानं वाकळेत गुंडाळलेल्या चार फळ्या उतरवल्या. प्रत्येक सहा फूट लांब, इंचभर जाड, वीतभराहून रुंद.

"बघा मिस्त्री. थुंकी लावा, न्हायतर पाण्यात बुडवा."

धम्मपालनं रंधा घेऊन कोपऱ्यावर एक हात मारला. जांभळट काळ्या रेषा उमटल्या आणि गुलकंदासारखा गोड वास आला. त्यानं फळी दोरीच्या फासात घालून छताच्या पाइपला अधांतरी टांगली, कान जवळ नेला आणि बोटाच्या पेरानं मधोमध ठोकलं.

फळी वाजली. पितळी परातीवर टिचकी मारावी तसा आवाज निघाला, लांबत गेला, आणि तो थांबलाय असं वाटल्यावरही कानात राहिला. धम्मपालनं पुन्हा ठोकलं. मग तो हसला. एकट्यानं, फळीकडं बघून, लहान मुलासारखा.

"काय म्हणतंय?" सयाजीनं विचारलं.

"बोलतंय हे."

"उभं वाळलेलं झाड हाय. आपोआप वाळलं. तोडायची परवानगी हाय, कागुद हाय. दीड वरीस सावलीत ठेवलंया." मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "त्याच बांधावर आनी एक हाय. त्ये बी वाळाय लागलंय. पुढच्या वर्साला त्ये तुमचंच धरा."

एका बांधावरची दोन झाडं एकामागोमाग एक आपोआप वाळतात, याचं तेव्हा धम्मपालला काही वाटलं नाही. कानात फळी वाजत होती.

तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्या फळीच्या बुडाकडचा भाग रंधत होता. रंधा अडखळला. पाहतो तर एका जागी लाकूड वेगळं दिसत होतं, बोटाच्या नखाएवढं गोल, भुसा आणि डिंक भरून बुजवलेलं. किडीचं भोक असेल म्हणून त्यानं पटाशीच्या टोकानं ते खरवडलं. भुसा निघाला, आणि त्यामागं एक चिंधी निघाली. काळी, चिकट, कुजलेल्या दातातून कापूस ओढून काढावा तशी. तिच्याबरोबर वास आला. तणनाशकाचा डबा उघडल्यावर येतो तसा उग्र, आणि त्याच्याखाली कसलासा सडल्याचा. क्षणात गुलकंदाचा वास कुठल्या कुठं गेला.

जेवणाचा डबा घेऊन आलेली त्याची बायको सोनम दारातच थांबली. "उंदीर मेलाय का कुठं आत?"

"न्हाय," तो म्हणाला. चिंधी त्यानं कागदावर ठेवली होती आणि भोकात सळई घालून पाहत होता. भोक अर्ध्या इंचाचं, वरून खाली तिरकं, काठ साफ. किडा असा सरळ जात नाही. बावीस वर्षं लाकडात भोकं पाडलेल्या माणसाला ड्रिलची खूण सांगावी लागत नाही. आणि तिरकं का, तेही त्याला कळलं. ओतलेलं बाहेर सांडू नये म्हणून.

सोनमनं डबा उघडला तेव्हा त्यानं हात साबणानं तीनदा धुतले होते. पहिला घास तोंडाशी नेला आणि परत ठेवला.

"काय झालंय सांगशीला का?"

"झाडाला कुणीतरी मारलंय," तो म्हणाला. आणि एवढं बोलून त्याला ओशाळल्यासारखं झालं, कारण कुणी ते त्याला जवळजवळ ठाऊक होतं.

त्यानं सयाजीला फोन लावला. भोकाबद्दल काही बोलला नाही. दुसरं झाड बघायचंय, एवढंच म्हणाला. सयाजी खूश झाला. परवा या, माझ्याच गाडीवर जाऊ, म्हणाला.

मलकापूरच्या पुढं डांबरी रस्ता सोडून गाडी एका वाडीवर आली. भाताची कापणी होऊन गेली होती, खाचरांत नुसती खोडकी उरली होती. बांधाच्या टोकाला एक घर होतं आणि घराशी एक म्हातारी शेणाचा हात धूत उभी होती. सयाजीला बघून तिच्या तोंडावर अशी काही कळा आली, की धम्मपालला वाटलं हा तिचा मुलगाच असावा.

"आलास व्हय बाबा. आनी हे पावणं कोन?"

"मिस्त्री हायती, कोल्लापूरचं. झाड बघाय आल्यात."

"बघा की. बसा आधी, च्या टाकती."

अंबूबाई तिचं नाव. चहा ठेवता ठेवता तिनं सगळं सांगून टाकलं. मुलगा पुण्याला. सून-नातवंडं तिकडंच. बांधावरच्या दोन शिसवी सासऱ्यानं लावलेल्या. तीन वर्षांखाली एक वाळायला लागली.

"रोग पडला म्हनं. ह्या सयाजीनं वळाकलं. आमाला कुठलं कळतंय? म्हनला, आज्जे, औषध घालूया. दर म्हैन्याला येऊन औषध घालाय लागला, इंजीशन द्यावं तसं. पोटचा पोरगा दिवाळीला येत न्हाय, पर ह्यो येतोय. त्ये झाड काय वाचलं न्हाय. औषध उशिरा लागलं म्हनला. आता ह्या दुसऱ्याला तरी येळंवर लागूं दे."

धम्मपालनं सयाजीकडं पाहिलं. सयाजी मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. त्याच्या कपाळावर आठी नव्हती, घाम नव्हता. मोबाइलवर काहीतरी बघून तो मधेच हसलाही.  कपातला चहा धम्मपालनं तसाच खाली ठेवला.

"दावा झाड," तो म्हणाला.

पहिल्या झाडाचा कापून उरलेला बुडखा तिथंच होता. त्याच्यावर म्हातारीनं गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. दुसरं झाड पंधरा पावलांवर. अर्धं हिरवं, अर्धं तांबडं. तांबड्या बाजूची पानं गळता गळता फांदीलाच चिकटून राहिली होती. बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर शेणामातीचे सारवलेले गोळे होते, एका ओळीत, बोटांच्या खुणा उमटलेले.

"लिंपायचं काम माझं," अंबूबाई अभिमानानं म्हणाली. "औषध घातल्याव वारा लागूं द्याचा न्हाय म्हनतोय. औषधाला मला जवळ येऊं देत न्हाय, पर त्येनं चिंधी कोंबली की शेन माती कालवून मी बुजवती. कवा तडा गेला तर परत बुजवती."

ती बोटं तिचीच होती. धम्मपालला पुढं काय दिसणार ते माहीत होतं, तरी त्यानं खाली बसून खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि एक गोळा उचकटला. आत मुंग्यांचा थर होता, मेलेल्या. दोन मधमाश्या. त्यामागं चिंधी, ओली. ती ओढली तशी भोकातून काळपट पाणी सालीवरून ओघळलं आणि तोच वास आला, गाळ्यातल्यापेक्षा चौपट. ओघळ गेला तिथली साल फुगून मऊ झाली होती, नख लावलं की सुटत होती. खालच्या लाकडातून पू यावा तसं पाणी येत होतं.

"काढू नगा वो," अंबूबाई पुढं आली. "औषध हाय त्ये."

"मिस्त्री, ऱ्हाऊ द्या," सयाजी म्हणाला. आवाज अजून गोडच होता.

धम्मपालनं चिंधी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर धरून म्हातारीपुढं केली. "आजी, वास घ्या. असलं काय कधी हुंगलंय का बघा."

तिनं वाकून वास घेतला. जन्म शेतात गेलेली बाई ती. सरळ व्हायला तिला वेळ लागला.

"हे तर गवत मारायचं हाय," ती हळू म्हणाली.

 तिनं दोन्ही हात समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. मग ते पदरात गुंडाळून घेतले, आपलेच हात आपल्याला दिसू नयेत तसे.

"सयाजी, तू माझ्या हातनं लिंपून घेतलंस व्हय रं."

"आज्जे, म्हातारी झाडं हुती. आज न्हाय उद्या पडायचीच. तुला त्येचं काय मिळालं नसतं."

"तू च्या प्यायचास हितं," ती म्हणाली. "दर म्हैन्याला."

सयाजी तिच्याशी बोलायचा थांबला आणि धम्मपालकडं वळला. आता त्याचा आवाज बदलला होता. "आनी तुमी, मिस्त्री. तुमाला काय वाटलं, शिसवी आपोआप वाळती? हिरवं तोडाय परवानगी मिळत न्हाय. तीन-तीन दुकानं फिरलासा, गावली का? तुमच्यासारख्यास्नी लागती म्हनून आमी करतोय. फळी वाजवल्याव हसलासा की न्हाय? मी बगितलंय तुमाला."

धम्मपालला उत्तर द्यायचं होतं. शिव्या तोंडाशी आल्या होत्या. पण तो हसला होता, हे खरं होतं, आणि ते या माणसानं पाहिलं होतं, हे त्याहून वाईट होतं. स्वतःच्या ताटात कुणी उष्टं तोंड घालून जावं तसं त्याला झालं.

"जा तू," तो म्हणाला. "मी एस्टीनं जातो."

गाडीचा आवाज लांब गेल्यावर त्यानं एकेक भोक उकरायला घेतलं. अकरा भोकं होती. अंबूबाई विहिरीवरून घागर आणत होती, तो पाणी ओतून भोकं धूत होता. शेवटच्या चिंध्या काढताना त्याला बांधापलीकडं जाऊन ओकावं लागलं. परत आला तर म्हातारी राखेनं हात घासत बसली होती. कोपरापर्यंत घासले होते, तरी घासतच होती.

पुढचं फार नाही. धम्मपालनं अंबूबाईच्या नावानं वनखात्याकडं अर्ज लिहून दिला. तिथले एक साहेब येऊन फोटो काढून गेले. पहिल्या झाडाचा कागद चोख होता. 'वाळलेले झाड' असंच त्यात लिहिलेलं, आणि तेव्हा ते वाळलेलंच होतं. दुसरं झाड तर उभं होतं. सयाजीचा टेम्पो दोन आठवड्यांत पुन्हा उद्यमनगरात दिसला. दुसऱ्या कुणाच्या तरी गाळ्यासमोर उभा राहून तो पात्यांना धार लावून घेत होता, आणि धम्मपालला बघून त्यानं हात वर करून "काय मिस्त्री" म्हटलं. धम्मपाल आत वळला.

स्वप्नाली लाकूड बघायला आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवून ऐकलं. मग बराच वेळ टांगलेल्या फळीकडं बघत राहिली.

"पण दादा, झाड तर गेलंच आहे ना," ती म्हणाली. "आता निदान त्याचं काहीतरी चांगलं व्हावं."

हेच वाक्य त्यानं एस्टीत बसून स्वतःला दहा वेळा ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती गुळचट आहे हे त्याला कळलं. तो काही बोलायच्या आत तिनं बोट वाकवून फळीवर ठोकलं. आवाज निघाला, लांबला, आणि तिचा चेहरा हळूहळू उजळला. ओठ विलगले. अगदी तसाच दिसला असणार आपण, त्याच्या मनात आलं, आणि त्यानं मान फिरवली.

"याची मी गिटार करणार न्हाय," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "फणस हाय माझ्याकडं, आठ वर्षांचा वाळलेला. त्याची करतो. न्हायतर दुसरा कारागीर बघा, मला राग न्हाय."

"विचार करून सांगते," असं म्हणून ती गेली. चार दिवसांनी तिचा मेसेज आला. फणस चालेल.

फळ्या त्यानं भाड्याच्या टेम्पोत घालून अंबूबाईकडं नेल्या. त्या तिच्याच होत्या. ती देव्हाऱ्याजवळ ठेवेल, नाहीतर जाळून टाकेल, असं काहीतरी त्याला वाटलं होतं. तिनं फळ्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्येचं दार हुईल का?"

"कशाचं दार?"

"न्हाणीचं. गोनपाट लावून आंगूळ करती मी, बारा वर्सं झाली. वारा आला की उडतंय."

धम्मपालनं न्हाणीचं तोंड वितेनं मोजलं. मग त्यानं अवजारं काढली. दोन दिवस तो तिथं जाऊन येऊन राहिला. चारही फळ्यांची भोकं पडलेली बुडं त्यानं हातभर कापून टाकली आणि खड्डा काढून पुरली. उरलेल्या रंधल्या. तो गोड वास पुन्हा आला, ओल्या न्हाणीभर पसरला. पूर्वी त्यानं त्या वासासाठी जीव टाकला असता. आता तो तोंडानं श्वास घेऊन काम करत होता. गिटारीची पाठ जितकी नीट जुळवतात तितक्याच नीट त्यानं ते सांधे जुळवले. वाईट करावंसं वाटत होतं, पण हाताला वाईट काम येत नव्हतं. दाराची उंची कमी पडली, तेवढी खाली फट राहिली.

अंबूबाई आत गेली, दार लावून घेतलं, कडी घातली. आतून म्हणाली, "ब्येस बसलंय."  मग म्हणाली, "वास बी गोड येतोय की वो. पयला यायचा तसाच, फांदी तोडल्यावचा."

तो बाहेर उभा होता. 

चैत्रात दुसऱ्या शिसवीच्या एका बाजूला पालवी आली. तांबडी बाजू वाळूनच गेली. अंबूबाईनं शेजाऱ्याच्या फोनवरून तेवढं कळवलं.

स्वप्नालीची गिटार त्याच सुमाराला पुरी झाली. फणसाची पाठ पिवळी, तुकतुकीत झाली होती. मान तिच्या पंजाला बेतून केली होती. ती गाळ्यातल्या स्टुलावर बसून अर्धा तास वाजवत होती. आवाज ऊबदार होता, स्वच्छ होता, जरा लवकर विझत होता.

"छान झाली आहे, दादा," ती म्हणाली. "हात कुठंच अडत नाही."

"आवाज?"

तिनं एक तार छेडली आणि ती विझेपर्यंत वाट पाहिली. "आवाजही छान आहे."

पण तार विझल्यावरही ती कान देऊन बसली होती, आणखी काहीतरी यायचं राहिलंय तशी. धम्मपालला ठाऊक होतं ती काय ऐकू पाहतेय. तोही तेच ऐकत होता. त्या म्हातारीचे पदरात लपवलेले हात डोळ्यांसमोर असताना, चिंधीचा वास नाकात असताना, त्याच्या कानाला अजून ती शिसवीच हवी होती. त्याला स्वतःच्या कानांची शिसारी आली. तो उठला, बाहेरच्या नळाखाली डोकं धरलं आणि बराच वेळ पाणी सोडून तसाच वाकून उभा राहिला.